दुखापतीला रजा नाही

सप्टेंबर २०२३ मध्ये भारताचा तेव्हाचा अव्वल एकेरी टेनिसपटू सुमित नागल याने एका वृत्तसंस्थेला सांगितले की, आपल्या बँक खात्यात केवळ ९०० युरो, म्हणजे सुमारे ८० हजार रुपये उरले आहेत. जागतिक क्रमवारीत तो त्या वेळी १५९ वा होता. वर्षभरात तोवर बक्षिसांतून साधारण ६५ लाख रुपये मिळाले होते, नोकरीचा पगार होता, एका फाउंडेशनची मदतही होती. ते सगळे टेनिसवरच खर्च झाले होते. बातमी गाजली, हळहळ व्यक्त झाली. पण त्या मुलाखतीतल्या एका तपशिलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वर्षभर स्पर्धा खेळायला ८० लाख ते एक कोटी रुपये लागतात, असे सांगताना हा हिशेब सोबतच्या एका प्रशिक्षकापुरताच आहे, त्यात फिजिओथेरपिस्ट धरलेला नाही, असे त्याने म्हटले होते. त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

खालच्या क्रमांकांवरच्या टेनिसपटूंबद्दल बोलताना आपण पैशांबद्दल बोलतो. पैसे कमी आहेत हे खरेच आहे. मात्र त्या कमतरतेची किंमत शेवटी गुडघा, खुबा, पाठ आणि झोप यांना मोजावी लागते. टेनिसची क्रमवारी ज्या पद्धतीने मोजली जाते, तीत विश्रांती घेणे हे नुकसान ठरते. ज्याच्याजवळ शिल्लक आहे तो हे नुकसान सोसून बरा होतो. ज्याच्याजवळ नाही तो दुखऱ्या अंगाने खेळत राहतो. म्हणून या खेळाडूंच्या दुखापतींकडे नशिबाचा भाग म्हणून न पाहता कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायला हवे.

शिडी कशी आहे?

व्यावसायिक टेनिसची शिडी तीन टप्प्यांची आहे. सर्वांत खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा, मधे चॅलेंजर स्पर्धा आणि वर एटीपीच्या मुख्य दौऱ्याच्या स्पर्धा. ग्रँडस्लॅम त्यांच्याही वर. तळाच्या पुरुष स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. एकेरीच्या विजेत्याच्या हाती साधारण २,१०० डॉलर पडतात आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशेच्या आसपास. त्यातून स्थानिक कर कापला जातो. विमानाचे तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा हा खर्च ज्याचा त्याने करायचा.

आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ च्या आकडेवारीचा अभ्यास केला होता. त्या वर्षी जवळपास १४ हजार खेळाडू व्यावसायिक स्पर्धांत उतरले आणि त्यांपैकी साधारण निम्म्यांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. प्रशिक्षकाचा खर्च वगळून पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर होता. जमाखर्चाची तोंडमिळवणी व्हायला पुरुषांत ३३६ वा आणि महिलांत २५३ वा क्रमांक गाठावा लागत होता. प्रशिक्षक आणि फिजिओ धरले, तर ही रेषा आणखी बरीच वर जाते.

वरच्या टोकाला एक उंच पायरी आहे. ग्रँडस्लॅमच्या १२८ जणांच्या मुख्य फेरीत साधारण १०४ जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही १ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. म्हणजे ९८ व्या आणि १२८ व्या क्रमांकाच्या खेळाडूंच्या खेळात फारसा फरक नसला, तरी त्यांच्या वर्षाच्या कमाईत मोठी दरी पडते. ती दरी ओलांडण्यासाठी प्रत्येक आठवडा मोलाचा ठरतो.

गळणारे गुण

क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांतल्या गुणांवर ठरते. या आठवड्यात मिळवलेले गुण पुढच्या वर्षी त्याच सुमारास गळून जातात. क्रमांक टिकवायचा, तर तेवढेच गुण पुन्हा कमवावे लागतात. दोन महिने घरी बसलेल्या खेळाडूचे जुने गुण गळत राहतात आणि नव्यांची भर पडत नाही. क्रमांक घसरला की मोठ्या स्पर्धांचे दार बंद होते आणि लहान स्पर्धांत कमी पैशांसाठी अधिक सामने खेळावे लागतात. म्हणजे दुखापतीतून उठलेल्या शरीरावर आधीपेक्षा जास्त भार येतो.

नागलची कारकीर्द हे चक्र नीट दाखवते. २०१५ मध्ये त्याने विम्बल्डनचे कनिष्ठ दुहेरी विजेतेपद मिळवले. २०१९ च्या अमेरिकन ओपनमध्ये रॉजर फेडररविरुद्धचा पहिला सेट त्याने जिंकला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे क्रमवारीत तो पहिल्या पाचशेच्याही बाहेर गेला. तेथून तो परतला. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीतून येऊन त्याने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ग्रँडस्लॅममध्ये भारतीयाने मानांकित खेळाडूला एकेरीत हरवण्याची ही १९८९ मधल्या रमेश कृष्णन यांच्या विजयानंतरची पहिलीच वेळ होती. त्या एका आठवड्याने त्याला सुमारे ९८ लाख रुपये मिळवून दिले. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात आला आणि जुलैत ६८ व्या क्रमांकावर पोहोचला. त्यानंतर पाठीने त्रास दिला. वर्ष उलटले, मेलबर्न आणि चेन्नईचे गुण गळाले आणि २०२५ मध्ये तो आधी शंभराच्या, मग दोनशेच्याही बाहेर गेला.

हाडाला लागणारा वेळ

शरीराचे वेळापत्रक क्रमवारीच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. हाड ही जिवंत वस्तू आहे. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, कारण वर्षानुवर्षांच्या भाराला ते प्रतिसाद देत असते. पण या प्रतिसादाचा एक क्रम असतो. भार वाढला की काही पेशी आधी जुने, थकलेले हाड खरवडून काढतात आणि मग दुसऱ्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. खरवडणे काही आठवड्यांत होते, भरण्याला महिने लागतात. एका जागेचे हे काम पूर्ण व्हायला साधारण तीन-चार महिने जातात. मधल्या काळात हाड त्या जागी तात्पुरते कमजोर असते. तेव्हाच पुन्हा पुन्हा धक्के बसले, तर बारीक भेग पडते. तिलाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या टेंडनचेही असेच आहे. जोरदार व्यायामानंतर त्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाची झीज आणि नवनिर्मिती दोन्ही वाढतात. पहिला दिवस-दीड दिवस झिजेची बाजू जड असते, त्यानंतर भरणीची. लागोपाठच्या दिवशी तीन-तीन तासांचे सामने झाले की भरणीची पाळीच येत नाही. वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, पण ही तूट भरून निघत नाही.

प्रज्ञेश गुणेश्वरन याच्या गुडघ्यांतील स्ट्रेस फ्रॅक्चरांनी ऐन विशीतली सुमारे पाच वर्षे घेतली. २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी तो पहिल्या शंभरात आला आणि त्याच वर्षी चारही ग्रँडस्लॅमच्या मुख्य फेरीत खेळला. ७५ ही त्याची सर्वोत्तम क्रमवारी राहिली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. युकी भांबरी २००९ चा ऑस्ट्रेलियन ओपनचा कनिष्ठ विजेता. एप्रिल २०१८ मध्ये तो ८३ व्या क्रमांकावर पोहोचला. त्याच वर्षी गुडघ्याच्या टेंडनच्या दुखण्याने तो बाहेर गेला आणि दोन वर्षांहून अधिक काळ खेळू शकला नाही. परतल्यावर त्याने एकेरी सोडून दुहेरी धरली. कोर्टाची अर्धी जबाबदारी जोडीदाराकडे असलेल्या या प्रकारात त्याने २०२५ च्या अमेरिकन ओपनची उपांत्य फेरी गाठली. नागल, प्रज्ञेश आणि युकी या तिघांनाही शंभराच्या आत जाण्याइतका खेळ येत होता. तेथे टिकून राहायला लागणारे शरीर मात्र त्यांना साथ देऊ शकले नाही.

प्रवास आणि झोप

खालच्या दौऱ्यावरचा खेळाडू एका आठवड्यात मातीच्या कोर्टवर, तर पुढच्या आठवड्यात हार्ड कोर्टवर खेळतो. चेंडूही स्पर्धेगणिक बदलतात आणि जड चेंडूंमुळे खांदा, कोपर व मनगट दुखावते, अशी तक्रार अव्वल खेळाडूही करतात. त्यात विमानाचा स्वस्त मार्ग म्हणजे बहुधा रात्रीचे उड्डाण आणि दोन थांबे. शरीरातले जैविक घड्याळ नव्या जागेच्या वेळेशी दिवसाला साधारण एक तास या गतीने जुळते, पूर्वेकडच्या प्रवासात त्याहूनही हळू. रविवारी युरोपातून निघून मंगळवारी आशियात सामना खेळणाऱ्याचे शरीर अजून मध्यरात्रीतच असते.

याचा खेळावर काय परिणाम होतो, हे मोजून पाहिले गेले आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात चांगल्या दर्जाच्या टेनिसपटूंना एक रात्र पाचच तास झोपू दिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सर्व्हिसची अचूकता स्पष्टपणे घसरली आणि कॅफीन देऊनही ती सुधारली नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये खेळाडूंवरील भाराबद्दल निवेदन काढले. भारात अचानक होणारी वाढ, स्पर्धांची दाटी आणि प्रवास यांमुळे दुखापत व आजारपण या दोन्हींचा धोका वाढतो, असा त्याचा सूर होता.

अव्वल दहातला खेळाडू यावर उपाय विकत घेतो. स्वतःचा फिजिओ, व्यायाम प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, चांगल्या वर्गाचे तिकीट आणि मुख्य म्हणजे न खेळण्याचे आठवडे. दोनशेव्या क्रमांकावरच्या खेळाडूला स्पर्धेच्या ठिकाणचा फिजिओ मिळतो, पण तो सगळ्यांचा असतो. या खेळाडूची पाठ मागच्या महिन्यात कुठे आणि कशी धरली होती, हे त्याला ठाऊक नसते.

मनावरचा ताण वेगळाच. एकट्याने प्रवास, एकट्याने जेवण आणि जवळजवळ दर आठवड्याला पराभव, कारण स्पर्धेत विजेता एकच असतो. त्यात मोबाइलवर शिव्यांची भर पडते. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०२४ मध्ये ४५८ खेळाडूंना ऑनलाइन शिवीगाळ झाली आणि त्यातली ४० टक्के संतापलेल्या सट्टेबाजांकडून आली होती.

नियम बदलला की वागणे बदलते

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. हा व्यवसाय त्यांनी स्वतः निवडला, स्पर्धा म्हटली की गळती आलीच, मग चारशेव्या क्रमांकाच्या माणसाला टेनिसने का पोसावे? प्रत्येकाला पोसावे असे कोणी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की, दुखापत लपवून खेळणे हा खेळाडूच्या स्वभावाचा दोष नसून नियमांनी दिलेला सल्ला असतो. याचा पुरावा टेनिसनेच दिला आहे.

२०१७ च्या विम्बल्डनमध्ये एकाच दिवशी सेंटर कोर्टवर नोव्हाक जोकोविच आणि रॉजर फेडरर या दोघांचे प्रतिस्पर्धी, मार्टिन क्लिझान आणि अलेक्झांडर डोल्गोपोलोव्ह, दुखापतीमुळे सामना अर्धवट सोडून गेले. प्रेक्षक नाराज झाले. त्या वेळी पहिल्या फेरीचे ३५ हजार पौंड मिळवायचे, तर कोर्टवर उतरणे भाग होते. आधीच माघार घेणाऱ्याला काही मिळत नसे. ग्रँडस्लॅमनी २०१८ पासून नियम बदलला. मुख्य फेरी सुरू होण्याच्या तोंडावर दुखापतीमुळे माघार घेणाऱ्याला पहिल्या फेरीची निम्मी रक्कम मिळू लागली आणि उरलेली निम्मी त्याच्या जागी येणाऱ्याला. काही जखमी खेळाडूंनी लगेच या तरतुदीचा उपयोग केला. खेळाडूंची नीतिमत्ता एका वर्षात बदलली नव्हती, फक्त खरे बोलण्याचा दंड कमी झाला होता.

हेच तत्त्व एटीपीने २०२४ पासून सुरू केलेल्या आर्थिक सुरक्षा योजनेत दिसते. त्या वर्षासाठी पहिल्या शंभरातल्या खेळाडूला किमान तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकांना ७५ हजार डॉलर उत्पन्नाची हमी देण्यात आली. कमाई त्याहून कमी झाली, तर फरक एटीपी भरणार. दुखापतीमुळे वर्षात नऊपेक्षा कमी स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी याच गटांना अनुक्रमे दोन लाख, एक लाख आणि ५० हजार डॉलरचे संरक्षण ठेवले गेले. महिला संघटनेने मार्च २०२५ मध्ये १२ महिन्यांपर्यंतची सवेतन मातृत्व रजा जाहीर केली. त्याच महिन्यात जोकोविच सहसंस्थापक असलेल्या खेळाडू संघटनेने टेनिसच्या नियामक संस्थांविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. अतिलांब हंगाम आणि खेळाडूंच्या आरोग्याकडे होणारे दुर्लक्ष हे त्यातले महत्त्वाचे आरोप आहेत.

बदल स्वागतार्ह आहेत, पण हे छत्र २५० व्या क्रमांकावर संपते आणि भारताचे बहुतेक एकेरी खेळाडू त्याच्या बाहेर उभे आहेत. दुखापतीनंतर जुन्या क्रमांकावर स्पर्धेत प्रवेश देणारी 'संरक्षित क्रमवारी' पुरुषांना किमान सहा महिने बाहेर राहिल्यावरच मिळते. हाडाची भेग भरून सराव पुन्हा उभा करायला चार-पाच महिने लागतात. तेवढी विश्रांती प्रामाणिकपणे घेणाऱ्याला या नियमाचा काहीच लाभ नाही. ही मर्यादा तीन महिन्यांवर आणणे आणि दुखापतीच्या काळात गुणांची गळती थांबवणे, हे दोन बदल फार खर्चाचे नाहीत.

आपल्याकडे काय करता येईल?

घरच्या स्पर्धा हा आरोग्याचाही उपाय आहे, कारण त्यांनी प्रवास, खर्च आणि जागरण तिन्ही घटतात. पुण्याच्या बालेवाडीत २०१८ पासून होणारी एटीपीची स्पर्धा जानेवारी २०२३ नंतर भारतातून गेली. तेव्हापासून मुख्य दौऱ्याची एकही पुरुष स्पर्धा देशात होत नाही. पुणे, बेंगळुरू, चेन्नई येथील चॅलेंजर आणि मुंबईतील महिलांची स्पर्धा यांनी मधला टप्पा सांभाळला आहे. अशा स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत आल्या, तर एका फिजिओचा खर्च चार-पाच खेळाडूंना वाटून घेता येईल. राज्य आणि राष्ट्रीय संघटनांनी असा सामायिक फिजिओ आणि छोटा दुखापत निधी उभारला, तर त्याचा उपयोग एका मोठ्या सत्कारापेक्षा जास्त होईल.

दृष्टिकोनही बदलायला हवा. सप्टेंबर २०२४ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे नागल स्वीडनविरुद्धची डेव्हिस चषक लढत खेळला नाही, तेव्हा त्याने वर्षाला ५० हजार डॉलर मागितल्याचे राष्ट्रीय संघटनेने जाहीर केले. खेळाडूंना मोबदला देणे ही रूढ पद्धत आहे, असे उत्तर त्याने दिले. कोणाचे बरोबर यावर रकाने भरले, पण त्याची पाठ बरी होण्यासाठी कोणी काय केले, हे कोणी विचारले नाही. वर्षभराने स्वित्झर्लंडमध्ये त्याच नागलने एकेरीच्या दोन्ही लढती जिंकून भारताला विजय मिळवून दिला.

या सगळ्याचा संबंध आपल्या घराशीही येतो. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापुरात हजारो मुले अकादमीत रॅकेट घेऊन जातात. त्यांतली बहुतेक व्यावसायिक होणार नाहीत, पण दुखापतीची सवय तेथेच लागते. क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी पालकांसाठी सोपे माप दिले आहे. मुलाच्या वयाची जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्याला शिस्तबद्ध सराव नको. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला दहा तासांच्या आत. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून मोकळीक हवी. त्या काळात पोहावे, फुटबॉल खेळावा, नुसते हुंदडावे. सराव संपल्यावरही राहणारे किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल, तर स्प्रे मारून पुन्हा कोर्टवर पाठवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. अकादमीत प्रवेश घेताना आपण फी, कोर्टची संख्या आणि प्रशिक्षकाचे नाव विचारतो. त्यासोबत मुलाच्या सुट्टीचे दिवस कोण ठरवते आणि दुखले तर निर्णय कोण घेते, हेही विचारून ठेवावे.